सहा हजार रुपये आणि साडेतीन तास

प्रश्न : काकू, मी नवसारीची. बडोद्याला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, फतेहगंजला पीजीत राहते. भाडं पप्पा परस्पर भरतात आणि एक तारखेला माझ्या खात्यात ६,००० रुपये टाकतात. वीस-बावीस तारखेला खातं रिकामं होतं, मग रूममेटकडून उसने. खर्च लिहायचं ॲप घेतलं, आठवडाभर भरलं, मग कंटाळा आला. अभ्यासाचंही तसंच. असाइनमेंट आदल्या रात्री, इंटर्नलला पहाटेपर्यंत जागरण. टाइमटेबल केलंय, भिंतीवर चिकटवलंय, पाळलं जात नाही. यूपीआयची जुलैची यादी सोबत पाठवते. कुठे चुकतंय?
— द्वितीय वर्ष, फतेहगंज

उत्तर : यादी पाठवलीस हे फार बरं केलंस. बँकेत जन्म काढलेल्या बाईला पत्रापेक्षा एंट्र्या लवकर कळतात. रावपुऱ्याच्या घरात चहा घेऊन बसले आणि पेन्सिलीने खुणा केल्या.

आधी ठरलेला खर्च. टिफिन २,२००, शटल रिक्षा ७००, रिचार्ज ३००, झेरॉक्स-वह्या २५०. एकूण ३,४५०. यात मला काढण्यासारखं काही दिसलं नाही. रिक्षाऐवजी पायी जा वगैरे सल्ला देणार नाही, बडोद्याचं ऊन मला माहीत आहे. उरले २,५५०. त्यातले ५०० वाढदिवसांच्या काँट्रिब्यूशनचे, ५९० एका कुर्त्याचे. राहिलेले १,४६० रुपये वीस, चाळीस, सत्तरच्या एंट्र्यांत गेलेत. चहा, दाबेली, सेव उसळ, पुन्हा चहा.

आता गंमत बघ. यादीत प्रत्येक एंट्रीपुढे वेळ छापलेली असते. मी रकमा सोडून नुसत्या वेळा वाचल्या. जवळजवळ सगळ्या फुटकळ एंट्र्या सकाळी साडेदहा ते दुपारी दोनच्या मधल्या! म्हणजे लेक्चर्स साडेदहाला संपत असणार आणि दोनला ट्यूशन असणार. पीजीवर परत जावं तर जाऊन-येऊन रिक्षाचे पैसे, म्हणून तुम्ही चौघी-पाचजणी कॅम्पसजवळ लारीपाशी, म्हणजे खाण्याच्या हातगाडीपाशी, उभ्या. उभं राहायचं म्हणजे काहीतरी घ्यावं लागतंच, लारीवाल्याच्या डोळ्यांत बघून नुसतं कोण उभं राहतं?

तर तुझे पैसे आणि तुझा अभ्यास एकाच ठिकाणी जातात. सोमवार ते शुक्रवार रोज साडेतीन तास, आठवड्याचे साडेसतरा. भिंतीवरच्या टाइमटेबलात हे तास नक्की कोरे असतील, कारण टाइमटेबल करताना आपण घरी बसायच्या वेळा लिहितो, दोन कामांमधली वेळ मोजतच नाही. रात्री आठ ते अकरा अभ्यास असं लिहिलं असशील. त्या वेळी पीजीत चारजणी गप्पा मारणार आणि तू पुस्तक उघडणार, हे तुला तरी खरं वाटतं का?

म्हणून रात्रीचा अभ्यास टाइमटेबलातून खोडून टाक. आठवड्यातले तीन दिवस, समज सोमवार, बुधवार आणि गुरुवार, साडेदहाला तडक हंसा मेहता लायब्ररी. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरूंच्या नावाची लायब्ररी आहे, फी भरताना तिचेही पैसे भरलेस, वापर. सव्वा वाजेपर्यंत बसायचं, एकच विषय घेऊन. कॉस्टिंगची गणितं दिवसा, डोकं ताजं असताना. पाठांतराचं काही असेल ते हवं तर पीजीवर. टिफिन सकाळीच येत असेल तर डबा सोबत घे. भूक लागली की निश्चय टिकत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मैत्रिणींबरोबर खुशाल लारीवर जा. बडोद्यात राहून सेव उसळ सोड असं सांगणारी मी कोण? वर तर्री मागून घे.

आता पैसे. खर्च लिहून ठेवायचं ॲप तुला लागत नाही, यूपीआय तुझ्यासाठी लिहूनच ठेवतंय. तुला हवी आहे अडवणूक. एक तारखेला सहा हजार एकदम दिसतात, त्यामुळे पाच तारखेला चाळीस रुपये काहीच वाटत नाहीत. तेव्हा पप्पांचे पैसे ज्या खात्यात येतात ते यूपीआयला जोडूच नकोस. दुसऱ्या बँकेत बेसिक बचत खातं उघड आणि फोनला ते जोड. त्यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नसते आणि महिन्यातून चार वेळा पैसे काढणं फुकट असतं. फक्त त्या बँकेत तुझं आधीच साधं बचत खातं नको, दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत.

एक तारखेला टिफिन आणि रिचार्ज चुकते करायचे. जुलैत रूममेटचे ८०० घेतलेस ना, ते दोन महिन्यांत चारशे-चारशे करून परत. रिक्षा-झेरॉक्सचे वेगळे ठेवले की हातात उरतात २,१५०. दर सोमवारी पाचशे नव्या खात्यात. वरचे दीडशे महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांचे. बुधवारी पाचशे संपले तर पुढचे पाचशे सोमवारीच, मैत्रिणीचा वाढदिवस असला तरी. काँट्रिब्यूशन पन्नास दिलं म्हणून मैत्री तुटत नाही, आणि तुटली तर तीही स्वस्तातच सुटली म्हणायची.

यूपीआय लाइटबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेल. ठरावीक रक्कम भरून ठेवता येते हे खरं. पण तिथे पिन लागत नाही, आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नुसती भरलेली रक्कम दिसते, चहा-दाबेली दिसत नाही. तुझ्यासारखीला नको. मी तर रोख रकमेच्या बाजूची. सोमवारी पाचशे काढ आणि टिफिनवाल्या मावशींकडून पन्नासच्या नोटांत मोडून घे. पाकिटात तीन नोटा उरल्या की हात आपोआप आखडतो, फोनवर तसं होत नाही.

नवरात्र येतंय. पास आणि चणिया चोळी या पाचशेतून होणार नाही, त्याचं पप्पांशी आत्ताच बोल, उसने घेऊन मग नको. चणिया चोळी भाड्याने मिळते. गरब्याहून रात्री उशिरा येणार, तेव्हा ते नऊ दिवस सकाळच्या लायब्ररीची आशा मी तरी धरणार नाही. त्याआधीचे आठवडे मात्र सोडू नकोस.

प्रश्न : मुलगा पहिल्या वर्षाला आहे. त्याला २४,००० चा फोन हवा आहे. दुकानदार म्हणतो ‘नो कॉस्ट ईएमआय’, सहा महिने चार-चार हजार, व्याज शून्य. घ्यावा का?
— एक पालक, दांडिया बाजार

उत्तर : व्याज शून्य नसतं. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. बँक व्याज घेतेच. तेवढी रक्कम दुकान किंवा कंपनी सवलत म्हणून वजा करून दाखवते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि अनेकदा प्रोसेसिंग फी, ती तुमच्याच माथी. दुकानात एवढंच विचारा, ‘एकरकमी दिले तर किती कमी करणार?’ उत्तर ऐकून तुम्हीच ठरवाल. आणि हप्ता कोण भरणार हे मुलाला आधी विचारा. तुम्हीच भरणार असाल तर फोन कोणता घ्यायचा तेही तुम्ही ठरवा.

प्रश्न : बारावीनंतर केंद्राची शिष्यवृत्ती मिळाली, पहिल्या वर्षी १२,००० आले. दुसऱ्या वर्षी काहीच नाही. चौकशी कुठे करू?
— द्वितीय वर्ष, सयाजीगंज

उत्तर : नूतनीकरणाचा अर्ज केलास का? केंद्राची ही शिष्यवृत्ती, म्हणजे सेंट्रल सेक्टर योजना, एकदा मिळाली की आपोआप चालू राहत नाही, दरवर्षी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पुन्हा अर्ज करावा लागतो. वार्षिक परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. अटींचं वाईट वाटून घेऊ नकोस. १९१३ साली सयाजीरावांनी बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात जायला दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हाही परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. तुझी नुसती हजेरी आहे.

अर्ज केला असेल तर पोर्टलवर त्याची स्थिती बघ. कॉलेजने पडताळणी केली नसेल तर अर्ज तिथेच पडून राहतो, म्हणून कार्यालयात जाऊन संबंधित कारकुनाला तोंडी विचार, फोनवर नको. पडताळणी झाली असेल तर बँकेत जाऊन आधार तुझ्या वापरातल्या खात्यालाच जोडलंय ना, ते तपासून घे.