विषप्रयोग की विषबाधा? शिसं आणि शिकारी पक्षी

चोपड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गिधाड जागृती दिन असतो. त्यासाठी मुलांनी भित्तिपत्रक केलं आणि मथळा दिला, ‘शिकारी पक्षांवर शिसेचा विषप्रयोग’. सहकारी शिक्षकांचं म्हणणं असं की इथे ‘विषबाधा’ हवं, आणि गिधाड मुळात शिकार करतंच कुठे? बरोबर काय, असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, मथळा असा करा : ‘शिकारी पक्ष्यांना आणि गिधाडांना शिशाची विषबाधा’. आता कारणं सांगतो.

विषप्रयोग कोणीतरी कोणावर तरी करतो. त्यात करणारा असतो, हेतू असतो. विषबाधा कोणाला तरी होते, मग ती लग्नातल्या शिळ्या बासुंदीने होवो की आणखी कशाने. शिशाच्या बाबतीत गरुडावर किंवा गिधाडावर कोणी विष घातलेलंच नसतं. गोळी झाडलेली असते हरणावर, रानडुकरावर. शिशाची गोळी जनावराच्या अंगात शिरली की फुटते आणि तिचे कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात. कित्येक कण तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. शिकारी मांस घेऊन जातो, आतडी-कोथळा तिथेच टाकतो. कधी जखमी जनावर निसटतं आणि झाडोऱ्यात जाऊन मरतं. त्यावर गिधाडं उतरतात, गरुड उतरतात.

या पक्ष्यांच्या पोटातलं आम्ल हाडं विरघळवण्याइतकं तीव्र असतं. शिसंही त्यात विरघळतं आणि रक्तात उतरतं. कधीकधी हाडं-केसांच्या ओकलेल्या गोळ्याबरोबर शिशाचा तुकडा बाहेर पडतो आणि पक्षी बचावतो, पण प्रत्येक वेळी हे होत नाही. शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडात साठवतं. रक्त तयार होण्याच्या क्रियेतलं एक विकर (एन्झाइम) बंद पडतं, नसा आणि स्नायू दुबळे होतात. पंख लोंबतात, विष्ठा हिरवी होते, खाल्लेलं अन्न गळ्याखालच्या पिशवीत तसंच पडून राहतं. पोटापुढे अन्न असून पक्षी उपासमारीने मरतो.

म्हणून ‘विषबाधा’ या शब्दाचा माझा आग्रह आहे. ‘विषप्रयोग’ म्हटलं की माणूस गुन्हेगार शोधू लागतो, आणि गुन्हेगार सापडला नाही की विषय तिथेच संपतो. ‘विषबाधा’ म्हटलं की विष पोटात गेलं कुठून, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो. उपाय सापडले ते याच प्रश्नातून.

‘विषप्रयोग’ मात्र शब्दकोशातून हाकलायचा नाही. बिबट्याने गोऱ्हा मारला आणि कोणी रागाने त्या मढ्यावर कीटकनाशक टाकलं, तर बिबट्यावर तो विषप्रयोगच. तेच मढं खाऊन गिधाडं मेली, तर त्यांना झाली ती विषबाधा. एकाच मढ्यावर दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर बसतात.

उपायांचं बोलायचं तर कॅलिफोर्नियातल्या कॉन्डॉर या प्रचंड गिधाडाचं उदाहरण मुलांना जरूर सांगा. 1982 साली जगात अवघे 22 कॉन्डॉर उरले होते. ते पकडून, पिंजऱ्यात वाढवून पुन्हा रानात सोडले, तरी तिथे त्यांना सर्वाधिक मारणारं कारण शिसंच ठरलं. शेवटी 1 जुलै 2019 पासून त्या राज्यात शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद झाली. शेजारच्या ॲरिझोनाने बंदी न घालता शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट दिल्या आणि कोथळा रानात न टाकण्याचं आवाहन केलं. डेन्मार्कने तर शिशाचे छर्रे 1996 मध्येच थांबवले. हे सगळं अजून किती बाकी आहे, ते 2022 साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासावरून कळतं. अमेरिकेच्या 38 राज्यांतले 1,210 गरुड तपासले, तर जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत वारंवार शिसं पोटात गेल्याच्या खुणा होत्या.

या गोळीला मराठीत काय म्हणावं, हे मुलं विचारतीलच. ‘शिसेमुक्त’ माझ्या कानाला खटकतं. मुक्त व्हायला आधी बंधन लागतं. रान शिसेमुक्त होऊ शकेल. गोळीला ‘बिनशिशाची’ म्हणावं, किंवा सरळ तांब्याची गोळी, पोलादी छर्रे.

आता मथळ्यातल्या बाकीच्या चुका. ‘शिसेचा’ होत नाही. शिसं म्हणा की शिसे, विभक्ती लागताना ‘शिशा’च होतं : शिशाचा, शिशाने, शिशात. पैसा–पैशाचा, घसा–घशाचा याच चालीवर. हिंदीत आरशाला, काचेला शीशा म्हणतात आणि धातूला सीसा. आपल्याकडे हिंदी कानावर फार, म्हणून मुलांचा गोंधळ होतो. ‘पक्षांवर’ लिहिलं तर ते राजकीय पक्ष होतात. पाखरं हवी असतील तर ‘पक्ष्यांवर’. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात शिशाला नाग म्हणतात. ते नाव मोठं डौलदार आहे, पण ‘नागाची विषबाधा’ लिहिलंत तर गावातलं कोणीही सर्पदंशच समजेल.

‘शिकारी पक्षी’ हा शब्द ससाणा, शिक्रा, गरुड, घुबड यांना चपखल बसतो. गिधाड मेलेलं खातं, म्हणून सहकाऱ्यांची शंका रास्त आहे. पक्षिशास्त्रात मात्र गिधाडं त्याच गटात येतात. ‘मृतभक्षक’ हा शब्द आहे, पण पाचवीतल्या मुलासाठी ‘आणि गिधाडं’ एवढी जोड मला पुरेशी वाटते.

एक विनंती भाषेपलीकडची. परदेशातलं चित्र जसंच्या तसं सातपुड्याला चिकटवू नका. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. ठासणीच्या बंदुकीने होणारी चोरटी शिकार, छर्ऱ्याच्या बंदुकीने तितर-लाव्यांवर धरलेला नेम, या शिसं पोटात जाण्याच्या वाटा आहेत. छर्रा अंगात घेऊन लंगडणारा लावा शिक्र्याला सगळ्यात सोपा सापडतो. पण आपली गिधाडं कोसळली ती डायक्लोफिनॅकने. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक मढ्यात उरलं, आणि पांढऱ्या पाठीची गिधाडं 1992 ते 2007 या काळात देशात 99.9 टक्क्यांनी घटली. गुरांसाठी ते 2006 साली बंद झालं. 2023 मध्ये ॲसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या गुरांच्या आणखी दोन वेदनाशामकांवरही बंदी आली. हीसुद्धा विषबाधाच. भित्तिपत्रकाचा अर्धा भाग तिला द्या, आणि त्यात ठळक अक्षरांत लिहा, की बैल-म्हशीला सूज आली, ताप आला तर डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावं. ते गिधाडांना बाधत नाही.