लिनक्स कर्नलला पहिला पॅच (कोडमधला बदल) कसा पाठवायचा? गिटहबवर पुल रिक्वेस्ट टाकली, पण कुणी बघितलीच नाही.

बघणारही नाहीत. गिटहबवरची ती रेपो म्हणजे फक्त मिरर, म्हणजे मूळ कोडची नक्कल आहे, तिथून कोड घेतला जात नाही. कर्नलचं काम ईमेलवर चालतं: पॅच मेंटेनरला, म्हणजे कोडचा तो भाग सांभाळणाऱ्याला, मेल करायचा, तो त्याच्या ट्रीमध्ये (कोडच्या स्वतःच्या रेपोत) घेतो आणि पुढे कर्नलचा जनक लिनस टोरवाल्ड्सपर्यंत पोचवतो.

सुरुवात कर्नलच्या 'ड्रायव्हर्स/स्टेजिंग' फोल्डरपासून करा. तिथले ड्रायव्हर अजून कच्चे असल्याने नवख्यांचे साफसफाईचे पॅच चालतात. इतरत्र नुसत्या स्पेस-टॅबच्या दुरुस्त्या मेंटेनरना नकोशा वाटतात, आणि ते रास्तच आहे. कोड मात्र स्टेजिंगच्या स्वतंत्र ट्रीतून, 'स्टेजिंग-टेस्टिंग' ब्रँचवरून घ्या. लिनसच्या ट्रीवर काम केलंत तर तुमची ओळ स्टेजिंगच्या ट्रीत कुणीतरी आधीच बदललेली असू शकते, मग पॅच लागत नाही.

एका पॅचमध्ये एकच बदल. तो कंपाइल करताना आधी तो ड्रायव्हर कॉन्फिगमध्ये चालू आहे ना ते बघा. बंद असेल तर तुमची फाइल बिल्डमध्ये येतच नाही आणि एरर नाही म्हणून आपण खूश होतो! त्या फाइलची ताजी '.ओ' फाइल (कंपाइल झालेला कोड) तयार झाली की खरं.

कमिट करताना 'गिट कमिट'ला '-एस' द्या, लहान लिपीतला. त्याने 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ येते. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यातून लिहून देता. कॅपिटल एस दिलात तर जीपीजी (डिजिटल) सही होते, ही ओळ येत नाही. विषयाची ओळ ७०-७५ अक्षरांत ठेवा, आणि काय बदललं यापेक्षा का बदललं ते खाली लिहा.

मग 'गिट फॉरमॅट-पॅच'ने फाइल काढा, तिच्यावर कोडची शैली तपासणारी 'चेकपॅच' स्क्रिप्ट चालवा, आणि कुणाला पाठवायचं ते 'गेट_मेंटेनर' स्क्रिप्टला विचारा.

सगळ्यात जास्त पॅच वाया जातात ते पाठवताना. जीमेलच्या वेबपानात पॅच पेस्ट केला की टॅबच्या स्पेस होतात, लांब ओळी मोडतात आणि पॅच लागत नाही. म्हणून 'गिट सेंड-ईमेल'च वापरा. जीमेल असेल तर पोर्ट ५८७, टीएलएस, आणि नेहमीच्या पासवर्डऐवजी अॅप पासवर्ड. तो टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू केल्यावरच मिळतो. माझा आग्रह आहे की पहिला मेल स्वतःलाच पाठवा, मूळ स्वरूपात डाउनलोड करा आणि कोऱ्या ब्रँचवर 'गिट एएम'ने लावून बघा. लागला तरच पुढे पाठवा.

सूचना आल्या तर प्रत्येकीच्या खाली उत्तर द्या, वर नाही. सुधारलेला पॅच 'गिट फॉरमॅट-पॅच'ला '-व्ही२' देऊन काढा आणि काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. तो मजकूर कमिटमध्ये जात नाही. उत्तर नाही आलं तर निदान आठवडाभर थांबून मगच आठवण करा. मर्ज विंडोचे, म्हणजे लिनस पुढच्या आवृत्तीसाठी बदल घेतो ते, दोन आठवडे चालू असतील तर ते संपेपर्यंत थांबा.