‘अरिष्ट’ उघडून बघताना

प्रिय मित्रा,

‘अरिष्ट म्हणजे संकट, मग द्राक्षारिष्ट हे औषध कसं?’ हा तुझा प्रश्न मला फार आवडला. लेखात मात्र ‘दोन्ही शब्द वेगळे असावेत’ एवढ्यावर तू तो उरकला आहेस. इतक्या लवकर शब्दाचा हात सोडू नकोस.

धातूपासून सुरुवात कर. ‘रिष्’ म्हणजे इजा होणं, इजा करणं. त्यावरून रिष्ट, आणि पुढे नकाराचा ‘अ’. म्हणजे अरिष्ट हे मुळात इजा न झालेलं, सहीसलामत. ऋग्वेदात (१.८९.६) ‘स्वस्ति नस्तार्क्ष्यो अरिष्टनेमिः’ असं मागणं आहे. नेमी म्हणजे चाकाची धाव. ज्याच्या रथाची धाव कधी मोडत नाही, त्याने आमचं कल्याण करावं! जैनांचे २२ वे तीर्थंकर नेमिनाथ, त्यांचंही नाव अरिष्टनेमी. या नावांत अशुभाचा मागमूस नाही.

आता औषधाकडे ये. वनस्पतींचा काढा करायचा, त्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून तो आंबवायचा, की झालं अरिष्ट. काढा न करताच आंबवलं तर ते आसव. आंबताना तयार होणाऱ्या मद्यार्कामुळे औषध दीर्घकाळ नासत नाही, म्हणून ते ‘अरिष्ट’, असं वैद्य सांगतात. मूळ अर्थाला धरूनच आहे हे. केस धुवायचा रिठासुद्धा संस्कृत ‘अरिष्टक’वरूनच आला.

अमरकोशात तर अरिष्ट म्हणजे बाळंतिणीची खोली. कालिदासाच्या रघुवंश या काव्याच्या तिसऱ्या सर्गात रघूचा जन्म होतो, तेव्हा ‘अरिष्टशय्ये’भोवती त्या बाळाचं तेज असं पसरतं, की मध्यरात्रीचे दिवे फिके पडून चित्रातल्यासारखे दिसू लागतात. हा श्लोक मुळातून वाच. ‘संकटाची शय्या’ असा अर्थ लावलास तर सगळं चित्रच बिघडेल.

आणि याच शब्दाला आयुर्वेदात दुसरा, भयंकर अर्थ आहे: रोग्याच्या मृत्यूचं पूर्वचिन्ह. चरकसंहितेचं इंद्रियस्थान अशाच लक्षणांचं आहे. गंमत म्हणजे या चिन्हाला रिष्टही म्हणतात आणि अरिष्टही. नकाराचा ‘अ’ असून नसल्यासारखा! आपण मराठीत ‘अरिष्ट कोसळलं’, ‘अरिष्ट टळलं’ म्हणतो, तो याच अशुभ बाजूचा वारसा.

शब्द उलटला कसा? मला वाटतं, अशुभाचं नाव तोंडावर येऊ नये म्हणून शुभ शब्द पुढे केला गेला असावा. बांगडी फुटली की आपण ‘वाढवली’ म्हणतो, तसंच. पण लिहिताना इथे फार जप. धातू आणि ग्रंथातले प्रयोग यांच्यापुढे ‘आहे’ लिही. उलटण्याच्या कारणापुढे ‘असावं’. तुझ्या खर्ड्यात सगळीकडे ‘आहे’च आहे, आणि व्युत्पत्तीच्या लेखांवरचा विश्वास तिथेच उडतो. ऐकायला गोड वाटणारी फोड तर आधी संशयानेच बघ.

आपत्ती, विपत्ती आणि संपत्ती या तिन्ही ‘पद्’ धातूच्या लेकी. त्यांना या लेखात कोंबू नकोस, त्यांचा वेगळा लेख होईल. आधी रघुवंशातला तो श्लोक मल्लिनाथाच्या टीकेसह, म्हणजे त्याने केलेल्या अर्थविवरणासह, वाचून काढ आणि अरिष्टाचा परिच्छेद नव्याने लिहून मला पाठव.

अनेक आशीर्वाद.