वाचक विचारतात : कादंबरीकाराच्या हातात माईक

गेल्या अंकात सायबरपंकवर, म्हणजे संगणकांचं जाळं आणि बकाल भविष्य रंगवणाऱ्या विज्ञानकथांवर, लेख होता. त्यात जॉन शर्ली या अमेरिकन लेखकाचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. 'विज्ञानकथा आणि भयकथा लिहिणारा कल्ट लेखक, पंक बँडचा गायक', एवढंच. त्या ओळीबद्दल इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच द्यायचं ठरवलं. मला याचा मनापासून आनंद झाला आहे, कारण या माणसाबद्दल कुणीतरी विचारावं अशी माझी फार वर्षांची इच्छा होती.

प्रश्न : शर्ली पंक बँडमध्ये गायचा म्हणजे नक्की काय? लेखक म्हणून नाव झाल्यावर हौस म्हणून, की बँड खरोखरचा होता?

खरोखरचा होता. आणि 'नाव झाल्यावर' तर मुळीच नाही. शर्लीचा जन्म १९५३चा, टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये होता आणि तिथल्या 'सॅडो-नेशन' या पंक, म्हणजे वेगवान आणि खरखरीत रॉक वाजवणाऱ्या, बँडचा गायक होता. पुढे न्यूयॉर्कला गेला, तिथे 'ऑब्सेशन' नावाचा बँड झाला. त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'पँथर मॉडर्न्स'. हे शेवटचं नाव त्याने विज्ञानकथाकार विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर' कादंबरीतल्या एका टोळीवरून घेतलं. त्याच्या ध्वनिमुद्रणांचा जो संग्रह निघाला आहे, तो १९७८पासून २०११पर्यंतचा आहे. हौस म्हणून ३३ वर्षं कुणी माईक धरत नाही.

आणि त्याच काळात पुस्तकंही येत होती. १९७९मध्ये 'ट्रान्समेनियाकॉन', १९८०मध्ये 'सिटी कम अ-वॉकिन', १९८२मध्ये 'सेलर्स' ही भयकादंबरी. त्यामुळे आधी कोण, गायक की लेखक, हा प्रश्न त्याच्या बाबतीत लागूच होत नाही.

प्रश्न : बँडमध्ये गाण्याचा लिहिण्यावर खरंच परिणाम होतो का? वाचताना तो दिसतो, की आपण माहिती कळल्यावर तसं मानून घेतो?

होतो, आणि दिसतो. मी स्वतः ९ वर्षं एका बँडमध्ये बेस वाजवला आहे, त्यामुळे याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

छोट्या हॉलमध्ये गायकाच्या पाठीमागे चार हातांवर ड्रम असतात, दोन्ही बाजूंना अ‍ॅम्प्लिफायर. त्याचा स्वतःचा आवाज त्याला ऐकू यावा म्हणून पायाशी एक मॉनिटर ठेवलेला असतो, तो निम्म्या वेळा नीट चालत नाही. म्हणजे गायक अक्षरशः बहिरा होऊन गात असतो. अशा गोंगाटात कुठले शब्द तरतात? आखूड शब्द. ट, क, ड, प अशा कडक व्यंजनांनी सुरू होणारे किंवा संपणारे. लांबलचक, मऊ, स्वरांनी भरलेला शब्द गिटारखाली गडप होतो. आमचा गायक तालमीला नवं गाणं कागदावर लिहून आणायचा. तिसऱ्यांदा वाजवून होईपर्यंत त्या कागदावर निम्म्या शब्दांवर काट मारलेली असायची, आणि काट बसायची ती जवळजवळ नेहमी विशेषणांवर. 'काळीकुट्ट भयाण रात्र' यातली फक्त 'रात्र' उरायची. ते कागद मी अजून ठेवले आहेत. संपादनाबद्दल जे काही कळलं ते मला त्या कागदांवरून कळलं.

हे डोक्यात ठेवून शर्ली वाचा. त्याची वाक्यं पहिल्या शब्दापासून अंगावर येतात. तो तयारी करत बसत नाही. 'रमोन्स' या न्यूयॉर्कच्या पंक बँडचा १९७६चा पहिला अल्बम १४ गाण्यांचा आहे आणि तो सगळा अर्ध्या तासाच्या आत संपतो. गाण्याआधीची वाजवावाजवी नाही, मध्ये गिटारची लांबण नाही. शर्लीच्या चांगल्या प्रकरणांना हाच वेग आहे.

दुसरा परिणाम विषयाचा. 'सिटी कम अ-वॉकिन'मध्ये सॅन फ्रान्सिस्को हे शहरच माणसाचं रूप घेतं, डोळ्यांवर आरशाचा गॉगल चढवतं आणि चालत एका क्लबमध्ये येतं. क्लबचा मालक स्टू कोल आणि तिथे गाणारी कॅट्झ वेलन यांच्या वाट्याला पुढचं सगळं येतं. ही कल्पना दुसऱ्या एखाद्या लेखकाला सुचलीही असती. पण त्याने ते शहर महापौरांच्या कचेरीत नेलं असतं, नाहीतर वर्तमानपत्राच्या. रात्रीच्या क्लबच्या दारातून शहराला आत आणायचं, हे ज्याने शंभर रात्री त्या दाराकडे तोंड करून गायलं आहे त्यालाच सुचतं. रंगमंचावरून सगळ्यात आधी दिसतं ते दारच. कोण आत आलं, कोण निघालं, कोण नुसताच भिंतीला टेकून उभा आहे.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त हलवते. 'एक्लिप्स' (१९८५) या कादंबरीत रिकनहार्प नावाचा गिटारवादक आहे. अटलांटिक महासागरात तरंगणारं 'फ्रीझोन' नावाचं एक कृत्रिम बेट आहे, तिथे तो वाजवतो. जुन्या धाटणीचं रॉक वाजवतो आणि जगाची आवड केव्हाच बदलली आहे. त्याचे साथीदारही नव्या फॅशनकडे वळायला निघालेत. कार्यक्रमाआधीची ती पडद्यामागची खोली, तिथली धुसफूस, 'आपण आज शेवटचं वाजवतोय का' हा कुणीच तोंडाने न विचारलेला प्रश्न. मी अशा खोलीत बसलो आहे. आमचा बँड फुटला त्या संध्याकाळी कुणीही भांडलं नाही, सगळे नुसते वायर गुंडाळत होते. शर्लीची ती पानं वाचताना मला पुस्तक दोनदा खाली ठेवावं लागलं.

शेवट सांगतो आहे, ज्यांना नको त्यांनी हा परिच्छेद सोडावा. युरोपात फॅसिस्टांनी डोकं वर काढलं आहे, रिकनहार्प प्रतिकार करणाऱ्यांना सामील झाला आहे, आणि तो पॅरिसच्या विजयकमानीवर चढून गिटार वाजवतो. शत्रूची अजस्र यंत्रं ती कमान पाडत असतात आणि हा वर वाजवत राहतो. कागदावर ही कल्पना भाबडी वाटू शकते. पुस्तकात वाटत नाही, कारण तोवर शर्लीने आपल्याला त्या माणसाची बोटं, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याची असूया, सगळं दाखवलेलं असतं. गिटारने युद्ध जिंकता येतं असं तो कुठेही म्हणत नाही.

प्रश्न : 'कल्ट लेखक' हा शब्द तुम्ही वापरलात. गिब्सन आम्हाला माहीत आहे, शर्ली नाही. तो जर इतका चांगला असेल तर असं का?

कल्ट लेखक म्हणजे ज्याचे वाचक थोडे, पण जिवाला जीव देणारे. आणि बऱ्याचदा त्या थोड्यांमध्ये इतर लेखकच जास्त. शर्लीच्या बाबतीत तर हे खुद्द गिब्सननेच लिहून ठेवलं आहे. 'सिटी कम अ-वॉकिन'च्या नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत तो शर्लीला सायबरपंकचा 'पेशंट झिरो' म्हणतो, म्हणजे साथीचा पहिला रोगी, जिथून लागण सुरू झाली तो. तारखा पाहा: शर्लीची कादंबरी १९८०ची, गिब्सनची 'न्यूरोमॅन्सर' १९८४ची. १९८६मध्ये ब्रूस स्टर्लिंग या लेखकाने सायबरपंक मंडळींच्या कथांचा संग्रह काढला, त्याचं नावच 'मिररशेड्स', आरशाचे गॉगल. शर्लीच्या शहराने ते सहा वर्षं आधी घातले होते. त्या संग्रहात शर्लीची 'फ्रीझोन' ही कथा आहे. आणि १९८१मध्ये शर्ली व गिब्सन यांनी मिळून एक कथा लिहिली, 'द बिलाँगिंग काइंड'. एक बुजरा माणूस बारमध्ये एका बाईला पाहतो, ती दर बारमध्ये शिरताना तिथल्या गर्दीला शोभेल अशी बदलत जाते. ही कथा आवर्जून वाचा, लहानशी आहे.

मग नाव का झालं नाही? माझं मत सांगतो. शर्ली एका कप्प्यात बसला नाही. विज्ञानकथा, भयकथा, त्यातही स्प्लॅटरपंक म्हणतात तो रक्तबंबाळ प्रकार, शिवाय पटकथा. १९९४च्या 'द क्रो' चित्रपटाच्या पटकथेवर डेव्हिड शो याच्या बरोबरीने त्याचं नाव आहे, आणि त्या चित्रपटाचा नायकही रॉक संगीतकारच. पुस्तकांच्या दुकानात लेखक एका फळीवर सापडावा लागतो. हा चार फळ्यांवर विखुरला. दुसरं कारण असं की त्याचं सगळंच लेखन सारख्या तोलाचं नाही. काही पुस्तकं घाईची वाटतात, हे त्याच्यावर प्रेम असूनही सांगायला हवं. पण कथा मात्र पक्क्या. 'ब्लॅक बटरफ्लाइज' या संग्रहाला ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला, आणि भयकथेत त्याहून मोठा मान फारसा नाही.

प्रश्न : 'ब्लू ऑयस्टर कल्ट' या अमेरिकन रॉक बँडसाठीही त्याने गाणी लिहिली, हे खरं का?

खरं आहे, आणि त्यामागची गोष्ट मला फार आवडते. या बँडच्या १९७२च्या पहिल्या अल्बममध्ये एक गाणं आहे, त्यातला शब्द उचलून शर्लीने आपल्या १९७९च्या कादंबरीला 'ट्रान्समेनियाकॉन' हे नाव दिलं. चाहता म्हणून. पुढे त्याच बँडने त्याच्याकडून गाणी घेतली, १९९८च्या 'हेवन फॉरबिड'साठी आणि २००१च्या अल्बमसाठीही.

प्रश्न : मी १९ वर्षांची आहे. भयकथा लिहिते आणि एका बँडमध्ये गाते. घरचे म्हणतात एक काहीतरी धर, बँडमधले म्हणतात गोष्टींमुळे तू तालीम बुडवतेस. काय करू?

दोन्ही कर. तालीम मात्र बुडवू नकोस. बँडमधल्या मुलांचं म्हणणं बरोबर आहे. लिहिणं तुझ्या एकटीचं आहे, ते पहाटेही होईल. तालमीला पाच माणसं तुझी वाट पाहत उभी असतात.

घरच्यांची काळजी पैशाची असेल तर ती खोटी नाही. या दोन्हींतून लवकर काही मिळेल असं समजू नकोस, पोटासाठी तिसरं काहीतरी लागेल. पण एक सोडलं तर दुसरं सुधारेल, हे मला पटत नाही. तुझी नवी कथा मोठ्याने वाच, फोनवर रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. जिथे तुझा श्वास अडखळतो तिथे वाक्य चुकलेलं आहे, मग ते कागदावर कितीही सुंदर दिसो. गायिका असल्यामुळे ही जागा तुला इतरांच्या आधी ऐकू येईल. उलट बाजूनेही तेच: कथेत भीती कधी दाखवायची आणि कधी राखून ठेवायची हे तुला कळत असेल, तर गाण्यात दुसरं कडवं कुजबुजत म्हणायचं धाडस तूच करशील.

आणि कानात इअरप्लग घाल. प्रत्येक तालमीला, अगदी अर्ध्या तासाच्याही. मी घातले नाहीत. ड्रमच्या सिंबलच्या बाजूला उभा राहायचो, त्या डाव्या कानात आता कायमची बारीक शीळ आहे. ती रात्री लिहायला बसलं की जास्त ऐकू येते. हे तुझ्या वाट्याला येऊ नये. तू लिहिलेली एखादी कथा मला पाठव, मी नक्की वाचेन.

प्रश्न : सुरुवात कुठून करावी?

'सिटी कम अ-वॉकिन'पासून. छोटी आहे, दोन-तीन बैठकांत होते. भयकथा आवडत असतील तर 'ब्लॅक बटरफ्लाइज'. 'वेटबोन्स' नंतर घ्या. ती व्यसनाबद्दलची कादंबरी आहे, तिच्यातली क्रूरता झेपायला शर्लीच्या आवाजाची आधी ओळख असलेली बरी. 'एक्लिप्स' हा तीन भागांतला पहिला आहे, सगळ्या त्रयीचं नाव 'अ सॉन्ग कॉल्ड यूथ'. २०१२मध्ये तिन्ही भाग एकत्र आले आहेत, ती आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. शर्लीने तिच्यासाठी मजकुरावर पुन्हा हात फिरवला आहे.