मत्स्यशेती वाढवली म्हणून समुद्र आपोआप सावरत नाही

चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाने मासेमारी आणि मत्स्यशेती दीर्घकाळ टिकेल अशी कशी सांभाळावी, आणि मत्स्यशेती वाढवली की समुद्रावरचा भार आपोआप कमी होतो का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर आधी देतो: आपोआप होत नाही.

मी नागपूरच्या मत्स्य विज्ञान महाविद्यालयात शिकलो आणि पुढे पूर्व विदर्भातील मालगुजारी, म्हणजे मालगुजारांच्या काळातील जुन्या, तलावांवर ढिवर समाजाच्या सहकारी संस्थांबरोबर बरीच वर्षे काम केले. तलाव बंदिस्त असल्यामुळे तेथे व्यवस्थापनातली चूक एकाच हंगामात उघडी पडते. एका तलावाच्या ठेक्याचे शेवटचे वर्ष होते आणि तो पुन्हा मिळेल की नाही याची संस्थेला खात्री नव्हती. तेव्हा बारीक आसाची, म्हणजे लहान छिद्रांची, जाळी पाण्यात उतरली आणि अजून पूर्ण न वाढलेला अर्धा किलोचा कटला मासादेखील बाहेर काढला गेला. ती माणसे बेफिकीर नव्हती. मागे ठेवलेला मासा उद्या दुसऱ्याचा होणार, हे त्यांना ठाऊक होते. समुद्रातही नेमके हेच घडते, म्हणून द्वीपराष्ट्रापुढचा पहिला प्रश्न मी उद्याच्या माशावर हक्क कोणाचा, असा मांडतो.

आइसलँडचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. त्या देशाने 1975 साली आपली मत्स्यसीमा 200 सागरी मैलांपर्यंत नेली आणि ब्रिटनशी मासेमारीवरून चाललेला वाद 1976 साली मिटला. परदेशी ट्रॉलर, म्हणजे मोठी जाळी ओढणारी जहाजे, गेले, पण त्यांची जागा देशी बोटींनी भरून काढली आणि कॉड माशाच्या साठ्यावरचा ताण कायम राहिला. तेव्हा 1984 पासून प्रत्येक मोठ्या बोटीला कॉडसारख्या तळाजवळच्या माशांचा कोटा, म्हणजे पकडीचा वाटा, ठरवून देण्यात आला आणि 1990 च्या कायद्याने तो विकता येण्याजोगा केला. माझ्या मते याहूनही मोलाचा निर्णय 1995 चा आहे: पकडण्यायोग्य कॉडच्या साठ्यापैकी साधारण 25 टक्केच काढायचा असा नियम झाला आणि पुढे तो 20 टक्क्यांवर आणला गेला. आकडा नियमाला बांधलेला असल्यामुळे दरवर्षी मंत्र्यांशी घासाघीस करून तो वाढवून घेणे अवघड होते. जाळ्यात आलेला मासा परत पाण्यात फेकण्यास तेथे बंदी आहे आणि बंदरावर परवानाधारक वजन करणाऱ्यासमोर त्याचे वजन होते. प्रत्यक्षात किती मासा निघाला हे ज्या देशाला कळत नाही, त्याने कोट्याचा कायदा कितीही बारकाईने लिहिला तरी तो पाळला जातो की नाही हे त्याला कधीच समजणार नाही.

या पद्धतीची किंमतही मोठी होती. कोटा विकता येऊ लागल्यावर तो मोठ्या कंपन्यांकडे गेला आणि किनाऱ्यावरच्या अनेक लहान गावांत बोटी असूनही मासे पकडण्याचा अधिकार उरला नाही. एका कंपनीकडे एकूण कोट्याच्या 12 टक्क्यांहून अधिक असू नये अशी मर्यादा कायद्यात आहे. तरीही 2007 साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ही व्यवस्था दोन मच्छीमारांबाबत भेदभाव करणारी ठरवली. 2009 साली लहान बोटींसाठी उन्हाळी गळाची मासेमारी खुली करण्यात आली, ती या असंतोषानंतरच. म्हणून कोट्याचा एक भाग गावांच्या संस्थांकडे, विकता येणार नाही अशा रूपात ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आंदावाडोआका येथे 2004 पासून वेझो समाजाच्या मच्छीमारांनी ऑक्टोपसची काही क्षेत्रे ठरावीक महिने बंद ठेवण्यास सुरुवात केली. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढतो, त्यामुळे थांबण्याचे फळ त्याच माणसांना त्याच वर्षी मिळाले आणि शेजारच्या गावांनीही ही पद्धत उचलली.

आता मत्स्यशेती. आमच्या तलावात कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो, त्यामुळे बोटुकली, म्हणजे माशांची पिल्ले, योग्य प्रमाणात सोडली की बरेचसे खाद्य तलावच पुरवतो. समुद्रात पिंजऱ्यांत पाळला जाणारा सॅमन मासा मात्र मांसाहारी आहे. त्याच्या खाद्यात आता वनस्पतिजन्य घटक वाढले असले तरी फिशमील (माशांची पूड) आणि माशाचे तेल लागतेच, आणि ते समुद्रातल्या लहान माशांपासून येते. शिवाय पिंजरा फाटला तर मासे पळतात: 2023 साली आइसलँडच्या पश्चिमेकडील एका फियॉर्डमधून, म्हणजे डोंगरांतल्या चिंचोळ्या खाडीतून, हजारो सॅमन निसटले आणि पाळीव मासे रानटी सॅमनच्या नद्यांत शिरलेले आढळले. त्यांचा रानटी माशांशी संकर झाला तर नदीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळलेला वंश क्षीण होतो. आमची कटला-रोहूसारख्या कार्प माशांची पद्धत लहान बेटांवर सहज नेता येणार नाही, कारण तेथे गोडे पाणी पिण्यालाच अपुरे असते. त्यांनी आधी कालवे, शिणाणे (दोन्ही शिंपल्यांत राहणारे जीव) आणि समुद्रशैवाल यांकडे वळावे: कालवे आणि शिणाणे पाणी गाळून त्यातले सूक्ष्मजीव खातात, शैवाल पाण्यातील क्षारांवर वाढते, आणि या तिन्हींना बाहेरून खाद्य घालावे लागत नाही.