बार्बाडोस : आधी वारा पाहा, मग हॉटेल

प्रश्न : मुलगा टोरांटोला असतो. त्याच्याकडे जाऊ तेव्हा तिथून आम्ही तिघांनी आठवडाभर बार्बाडोसला जावे, असे मनात आहे. नुसते वाळूत पडून राहण्यात आम्हाला रस नाही. आम्ही दोघे पन्नाशीचे असून तलावात नियमित पोहतो. मुलाला सर्फिंग शिकायचे आहे. जुलैत जावे का? राहावे कुठे? — एक वाचक, ठाणे

उत्तर : जुलै टाळावा. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. बार्बाडोस कॅरिबियनमधील इतर बेटांच्या पूर्वेला असल्याने पुष्कळ वादळे त्याला चुकवून जातात, हे खरे. पण २०२४ च्या जूनअखेर टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलेला आपला संघ बेरिल वादळामुळे तिथेच अडकून पडला होता, हे आपल्याला आठवत असेलच. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ उत्तम. मात्र कॅनडाचा व्हिसा पुन्हा प्रवेशाची मुभा देणारा आहे ना, हे तिकिटाआधी तपासा.

बेट जेमतेम ३४ किलोमीटर लांब आहे, तरी त्याच्या दोन बाजूंचे समुद्र एकमेकांना ओळख देणार नाहीत इतके वेगळे आहेत. व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पूर्वेचा बाथशीबा किनारा सतत खवळलेला असतो. तेथील ‘सूप बोल’ची लाट जगभरच्या कसलेल्या सर्फरांना खेचून आणते. तलावात पोहण्याच्या भरवशावर तिथे मुळीच उतरू नका, कारण पाण्याची आत खेचणारी ओढ जबरदस्त असते. खडकांमधील उथळ डोहांत बसून लाटा पाहाव्यात, किंवा १९३७ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेच्या जुन्या मार्गाने बाथ या किनाऱ्यावरच्या ठिकाणापर्यंत चालत जावे. मला विचाराल तर आठवड्यातील सर्वांत सुंदर सकाळ हीच ठरेल.

पोहण्यासाठी पश्चिम किनारा आणि राजधानी ब्रिजटाउनजवळचा कार्लाइल उपसागर. तिथे १९१९ मध्ये बुडालेली ‘बर्विन’ ही टगबोट (मोठी जहाजे ओढणारी बोट) इतक्या उथळ पाण्यात आहे, की स्नॉर्केलचा (श्वासाच्या नळीचा) मुखवटा लावून वरूनच ती व तिच्याभोवतीचे मासे दिसतात. कासवेही भेटतात, त्यांना हात लावू नये. मुलाने सर्फिंगचे धडे दक्षिणेकडील फ्रेट्स बे येथे घ्यावेत, तेथील लाट नवशिक्यांना मानवणारी आहे. म्हणून मुक्काम दक्षिण किनाऱ्यावर, ऑइस्टिन्सच्या आसपास करावा. शुक्रवारी संध्याकाळी तिथे मासे तळण्याचा मोठा बाजार भरतो. गाडी डावीकडूनच चालवतात, पण पाहुण्यांना तात्पुरता परवाना काढावा लागतो.

किनाऱ्यावर खोडाला लाल पट्टा रंगवलेले झाड दिसले, तर ते मँचिनील समजावे. त्याची हिरवी, सफरचंदासारखी फळे विषारी असतात, आणि पावसात त्याखाली उभे राहिल्यास ठिबकणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. लष्करी छापाचे कपडे तिथे कायद्याने निषिद्ध आहेत. मुलाच्या बॅगेत तशी अर्धी चड्डी असल्यास ती टोरांटोलाच ठेवावी.