टिकी मगच्या, म्हणजे पॅसिफिक बेटांवरच्या देवाच्या तोंडाच्या पेल्याच्या, तळाला 'जपान' असं उठवलेलं असेल तर तो नकली समजायचा का? त्याचा इतिहास कसा शोधायचा, आणि किंमत किती येईल?

नकली आहे हे तुम्हाला सांगितलं कोणी? प्रश्नाखाली तुम्ही "एका नातेवाइकांचं म्हणणं आहे" असं लिहिलंय, ते वाचून हसू आलं. असे एक नातेवाईक माझ्याकडेही आहेत.

सॅन फ्रान्सिस्कोजवळ अलामेडाला नौदलाच्या जुन्या विमानतळावर महिन्याच्या पहिल्या रविवारी जुना बाजार भरतो. सहा वर्षांपूर्वी तिथे मी १२ डॉलरला एक तपकिरी, दात विचकणारा टिकी मग घेतला. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, यजमानांनी दुसऱ्या महायुद्धावरून परतताना हवाईहून आणलेला. गणपतीच्या जेवणाला मी ती गोष्ट चांगली तिखटमीठ लावून सांगितली. आमच्या साडूंनी मग उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "ऑर्किड्स ऑफ हवाई, जपान. अहो, तुमच्या हवाईच्या देवाचा पासपोर्ट जपानी निघाला की!" पंगत हसली. माझा मोदक घशाखाली उतरेना.

पुढचं वर्षभर मी दुसरं काही केलं नाही. तर ऐका. ऑर्किड्स ऑफ हवाई ही न्यूयॉर्कची कंपनी, हवाईशी संबंध नावापुरता. पॉलिनेशियन, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या थाटाच्या आणि चायनीज हॉटेलांना ती माल पुरवायची आणि टिकी मग बनवून घ्यायची जपानमध्ये. सॅन फ्रान्सिस्कोच्या ओटागिरीचंही तेच. त्यांची चिठ्ठी कागदी असायची, धुता धुता निघून जायची, म्हणून त्यांचे कितीतरी मग आज बेवारशी फिरतात. म्हणजे 'जपान' हा डाग नाही, जन्मदाखला आहे. साडूंना हे मी तीनदा सांगितलंय.

आजींची गोष्ट मात्र खोटी होती, हे कबूल. पॉलिनेशियन थाटाची दोन जुनी हॉटेलं बघा: डॉन द बीचकोंबर अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर हॉलीवूडमध्ये सुरू झालं, ट्रेडर विक १९३४ साली आमच्या शेजारी ओकलंडला, वेगळ्या नावाने. पण त्या काळात पेयं द्यायचे काचेच्या ग्लासात, नारळात, बांबूत. देवाच्या तोंडाचे चिनी मातीचे मग आले ते १९५० नंतरच्या दशकात. गिऱ्हाइकं ते पिशवीत घालून न्यायची, तेव्हा हॉटेलांनी ते आठवण म्हणून विकायलाच काढले. युद्धातून मग आला असं कोणी म्हटलं की मान डोलवा आणि भाव पाडून मागा.

तुमच्या मगवर मागे हॉटेलचं नाव असेल तर निम्मं काम झालं. त्या हॉटेलची मेनूकार्डं आणि काडेपेट्या शोधा, ते कधी उघडलं नि कधी बंद पडलं ते कळलं की मगचा काळ सापडतो. नाव नसेल तर बोट आत घाला. पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात, साचा पाणी पितो, कडेला थर धरतो, उरलेली माती ओतून टाकतात. त्यामुळे बाहेर नाक असेल तिथे आतून खळगा लागतो, आणि तो लागला की मग साच्यातला आहे हे कळतं.

दोन वर्षांनी साडूंनी ऑनलाइन "अगदी तुझ्यासारखाच, १९३०चा अस्सल" मग ९० डॉलरला घेतला आणि मला हरवायला घरी आणला. मी काही बोललो नाही, दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले. त्यांचा बोटभर बुटका, दात गुळगुळीत. भाजलेल्या मगवरूनच साचा काढला की नक्कल भट्टीत आणखी आकसते, आणि बारीक काम बुजतं. साडू म्हणाले, "जास्त भाजला गेला असेल." तसं ते अगदीच चूक नाही.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या मगमधून काही पिऊ नका, जुन्या लुकणात, म्हणजे वरच्या चकचकीत थरात, शिसं असू शकतं. आणि टिकी ही माओरी आणि इतर पॉलिनेशियन लोकांच्या पूर्वजांची, देवांची रूपं. त्यांच्या डोक्यातून रम पिणं त्यांच्यातल्या अनेकांना खटकतं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून माझा मग फडताळात असतो.

किमतीचं विचारलंत, ते न बघता नाही सांगता येणार. तळाचा फोटो टाका. तोंडाचा नको.